कर्ज फेडावे, पण आधी कागद मागावा

रमजान सुरू व्हायच्या आठवडाभर आधी अब्बांना एक फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचे हप्ते थकले आहेत, संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर माणसे घरी येतील, मोहल्ल्यात सगळ्यांना कळेल, असे समोरचा माणूस सांगत होता. फोन ठेवून अब्बांनी मला एवढेच विचारले, "किती आहेत? अम्मीच्या बांगड्यांत भागेल का?" हे कर्ज खरे आहे का, असे त्यांनी विचारले नाही. तो प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

आजचे संपादकीय त्या प्रश्नाबद्दल आहे. घरची गोष्ट सांगतो आहे, कारण गेल्या काही महिन्यांत आपल्या चळवळीतल्या तीन-चार मुलामुलींनी मला जवळपास हीच गोष्ट सांगितली. प्रत्येकाने ती हळू आवाजात सांगितली.

बहिणीने बी.कॉम.नंतर डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या एका कोर्सला नाव घातले. फी ७२,००० रुपये. समुपदेशक म्हणवणाऱ्या माणसाने सांगितले की एकदम भरायची गरज नाही, महिन्याला ६,००० चे बारा हप्ते. तिने मुद्दाम विचारले, "व्याज आहे का?" आमच्या घरात व्याजाचे वावडे आहे. उत्तर आले, "शून्य टक्के. हे कर्ज नाहीच." तिने आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दिला. प्रत्यक्षात त्या पाच मिनिटांत एका बिगर-बँकिंग वित्त कंपनीने तिच्या नावावर कर्ज मंजूर केले, पैसे परस्पर संस्थेला दिले आणि तिच्या खात्यावर ऑटो-डेबिट लावले.

वर्ग तीन आठवडे चालले. मग बॅच पुढे ढकलली, मग रद्द झाली. बहिणीने त्याच आठवड्यात ईमेल करून प्रवेश रद्द केल्याचे कळवले. संस्थेने पैसे परत करण्याचे कबूल केले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. हप्ते मात्र जात राहिले. तीन गेले. त्यानंतर तिने खात्यातले पैसे काढून घेतले, दोन हप्ते बाऊन्स झाले, आणि वसुलीचे फोन सुरू झाले.

वित्त कंपनीचे म्हणणे सरळ होते. आम्ही पैसे दिले आहेत, तुम्हाला शिकवले की नाही हे तुमचे आणि संस्थेचे भांडण आहे. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. कागदावर करार दोन आहेत, एक शिकवण्याचा आणि एक कर्जाचा. पण कर्ज विकले कोणी? संस्थेच्या माणसाने. अर्ज भरला कोणी? त्यानेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांत स्पष्ट केले आहे की कंपनीने काम मध्यस्थाकडे सोपवले तरी तिची जबाबदारी कमी होत नाही. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, आणि त्यात न दाखवलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बहिणीला असा कागद कोणी दाखवला नव्हता. आणि शून्य टक्क्यांबद्दल म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी दडवलेले असते.

म्हणजे व्याज टाळायचे म्हणून जिने प्रश्न विचारला, तिलाच व्याजी कर्ज बिनव्याजी म्हणून विकले गेले. हे आपल्या मुलांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होते. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की बँकांच्या कर्जात मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे. ज्या घरात बँकेचे कर्ज कधी आलेच नाही, तिथे कर्जाचा कागद कसा असतो हे सांगणारे मोठे माणूसही नसते. अशा मुलीची पतनोंद आयुष्यात पहिल्यांदा उघडते ती 'थकबाकीदार' या शेऱ्याने. उद्या ती उच्च शिक्षणासाठी बँकेत गेली, तर हाच शेरा आधी दिसणार.

अब्बांच्या घाईमागे भीती होती, तसा दीनही होता. कर्जदार म्हणून मरू नये, ज्याच्या डोक्यावर न फेडलेले कर्ज आहे त्याच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर साहेब थांबत असत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे आणि मला ते हलके करायचे नाही. पण त्याच दीनात दुसरी गोष्टही आहे. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. कर्ज लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, असे ती सांगते. आणि मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. तो सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. ओटीपी मागून पाच मिनिटांत झालेल्या कर्जात मजकूर सांगणारा कोण होता? मी अब्बांसमोर हे मांडले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग कागद माग त्यांच्याकडे."

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि तो उठाव नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. रोख्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. त्यानंतर १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याने न्यायालयाला रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. नुसता कागद दाखवला म्हणून देणे सिद्ध होत नाही, हे तत्त्व आपल्या मातीत तेव्हापासून आहे. फरक एवढाच की आज कागद जाळायचा नाही, जपून ठेवायचा.

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे.

पहिले, फोनवर बोलणे थांबवले. जे सांगायचे ते लेखी सांगा, एवढेच उत्तर. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये कळवले आहे. कॉलच्या वेळा आम्ही वहीत लिहून ठेवल्या.

दुसरे, वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. कर्जकरार, की फॅक्ट स्टेटमेंट, पैसे कोणाच्या खात्यात कोणत्या तारखेला गेले याचा तपशील आणि खात्याचा उतारा मागितला. सोबत बॅच रद्द झाल्याचा संदेश व प्रवेश रद्द केल्याचा ईमेल जोडला. 'हे देणे मला मान्य नाही' हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहिले.

तिसरे, बँकेला लेखी देऊन ऑटो-डेबिटचा मॅन्डेट मागे घेतला. इथे बहिणीची चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. खाते रिकामे करून हप्ता बाऊन्स होऊ देणे धोक्याचे आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर फौजदारी तक्रार होऊ शकते. नोटीस आली तर फेकू नका, मुदतीत उत्तर द्या.

चौथे, पतनोंद मागवली. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. थकबाकीच्या नोंदीवर आक्षेप घेतला. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

पाचवे, ३० दिवसांत वित्त कंपनीचे समाधानकारक उत्तर आले नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. फी लागत नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. तोच वाद आधीच न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल तो ऐकत नाही, म्हणून कर्जाची तक्रार आधी इथे. संस्थेविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षे. कोचिंग संस्था या कायद्याच्या कक्षेत येतात, असे राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटले आहे. मदतीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

लोकपालाकडे तक्रार गेल्यावर वित्त कंपनीने कर्ज बंद केल्याचे पत्र दिले आणि पतनोंदीतला शेरा काढला. भरलेले १८,००० रुपये अजून मिळालेले नाहीत, ते ग्राहक आयोगात अडकले आहेत. पूर्ण विजय नाही. बांगड्या मात्र घरात आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे कर्ज बुडवण्याचे शास्त्र नाही. ज्याने सहा महिने शिकून घेतले, त्याने त्याचे पैसे दिलेच पाहिजेत, आणि मनासारखी नोकरी लागली नाही म्हणून कोर्स फसवा ठरत नाही. बहिणीनेही तीन आठवड्यांच्या वर्गांची रास्त रक्कम द्यायची तयारी पहिल्याच पत्रात लिहिली होती. पण न मिळालेल्या शिक्षणाचे बिल लाजेपोटी भरणे म्हणजे इमानदारी नव्हे. वसुलीवाला ज्या जोरावर बोलतो, तो जोर कायद्यापेक्षा आपल्या लाजेचा जास्त असतो. म्हणूनच तो मुलीला सोडून बापाला फोन करतो.

आपण दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतो, करिअर मार्गदर्शन शिबिरे घेतो. तिथेच या वर्षीपासून एक टेबल मांडू या. प्रवेशाच्या दिवसांत आठवड्यातून दोन तास, ज्याला सही करायची आहे त्याने कागद घेऊन यावे, दोघांनी मिळून वाचावा. आणि ज्याच्या घरी फोन सुरू झाले आहेत, त्याने हळू आवाजात बोलायचे कारण नाही. कागद घेऊन या, आपण सगळे मिळून वाचू.