ग्रंथालयाची वेबसाइट कुणासाठी उघडी आहे?

काटेवाडीहून पुण्यातले विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय शंभरेक किलोमीटर लांब. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे बारामती-इंदापूर भागातल्या विद्यार्थ्याची मोठ्या ग्रंथालयाशी गाठ पडते ती बहुधा मोबाइलवरच. हा विद्यार्थी अंध असेल तर? पडदा वाचून दाखवणारे टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये असते, संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळते. अडते ते वेबसाइटवर.

शोधाच्या चौकटीला, बटणांना नावच दिलेले नसेल तर आवाज नुसता 'बटण, बटण' म्हणत राहतो. लॉगिन करताना चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगितली की संपलेच. प्रबंधाची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतील तर डोळसाला मजकूर दिसतो, सॉफ्टवेअरला कोरे पान. शोधगंगेवरचे अनेक जुने प्रबंध असे स्कॅन केलेले आहेत. मराठीत आणखी एक दुखणे आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. ऐकू येते ती निरर्थक बडबड. म्हणजे इंग्रजी फाइल वाचता येते आणि मराठी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलामुलींना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, असे आम्हाला वाटते.

कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम ४२ डिजिटल माहिती सर्वांना वापरता येईल अशी ठेवायला सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण मार्गदर्शक म्हणजे पाळली तर पाळली! राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच पकडले आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सुविधा मिळणे हा कलम २१ खालचा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला.

आपल्याला हे नवीन नाही. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. पाण्याला हात लागला २० मार्च १९२७ ला, तोही बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा.

म्हणून तपासणीची वाट पाहू नका. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयाची वेबसाइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटरच्या कळांनी एक पुस्तक शोधून दाखवा. मग टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून तेच करा. शक्यतो एखाद्या अंध मित्राला सोबत घ्या. आपण पाच मिनिटांत थकतो, त्याला रोजच हे करायचे असते. जिथे अडले तिथली तारीख, पान आणि अडचण लिहून ग्रंथपालांना अर्ज द्या, पोच घ्या. सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याचे नाव विचारा. त्यावरही हालचाल झाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते, त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे.

आणि आपले काय? १४ एप्रिलला बाबासाहेबांचे विचार आपण फोटोवर लिहून शेकडो ग्रुपवर पाठवतो. अंध भीमसैनिकाला त्यातले अक्षरही पोहोचत नाही. यंदा फोटोखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून टाका. दोन मिनिटांचे काम आहे.