‘नाते नाही’ हा शेरा

१९९३ साली शाखाधिकारी असताना एका कर्जप्रकरणावर मी शेरा लिहिला होता : ‘अर्जदाराचे व माझे आडनाव एकच आहे, नाते नाही.’ तो शेरा मी कशाच्या आधारे लिहिला, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला.

आमचे आडनाव दुर्मीळ आहे. ते येथे देत नाही, कारण दोन्ही घरे या अंकाची वाचक आहेत. त्या गावी या आडनावाचे एकच किराणा दुकान होते. त्याचे मालक खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागण्यास आले आणि कागद पुढे करण्यापूर्वी म्हणाले, “साहेब, मारवाडात आपलं मूळ गाव कोणतं?” पक्षपाताचा ठपका येईल या धास्तीने मी उत्तरलो, “तो विषय इथे नको.” कर्ज गुणवत्तेवर मंजूर झाले, मुदतीत फिटलेही. प्रश्न मात्र तसाच राहिला.

केवळ नाव जुळले म्हणून बँकेत कोणाच्या खात्यात रक्कम जमा करीत नाहीत. खातेक्रमांक जुळावा लागतो. आडनावाचेही तसेच आहे. कोठारी, भंडारी, खजांची ही आडनावे कामावरून पडली. जेथे जेथे कोठार, तेथे तेथे कोठारी. ते सर्व एका रक्ताचे कसे असतील? उलट, आडनावे भिन्न असूनही मूळ एक असू शकते. बिकानेरचे बच्छावत हे मूळचे बोथरा. राव बिकांबरोबर गेलेल्या बच्छराजांच्या नावावरून त्यांच्या वंशजांना नवे आडनाव मिळाले.

दुर्मीळ आडनावाची गोष्ट थोडी वेगळी. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या आधारे ब्रिटनमध्ये ४० आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. स्मिथ या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात समान मूळ दिसले नाही. अ‍ॅटनबरोसारख्या विरळा आडनावात मात्र बहुतेक पुरुष एकाच मूळपुरुषाकडे पोहोचले. स्मिथ म्हणजे लोहार, हे ध्यानी घेतले की कोठारींचे कोडेही सुटते. तरीही विरळा आडनाव ही शक्यता आहे, पुरावा नव्हे.

मी शोधाचा आरंभ घरातील वडीलधाऱ्यांपासून केला. आडनावापेक्षा मूळ गाव, गोत्र आणि स्थलांतराचा काळ विचारावा. “आपले लोक छप्पनियात आले,” असे आत्याबाई म्हणाल्या. छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६ चा भीषण दुष्काळ. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन १८९९ येते. वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी ५६ वजा करावे लागतात, एवढे भान ठेवावे.

दुसरी अडचण लिपीची. जुन्या वह्यांतील महाजनी अक्षराला काना-मात्रा नसत. ‘काकाजी अजमेर गया’ हा निरोप ‘काकाजी आज मर गया’ असा वाचून घरात रडारड झाल्याचा किस्सा आपण सर्वांनी ऐकला आहे. आडनावांचेही असेच झाले. मारवाडातील मुहणोत येथे कोठे मुणोत, कोठे मुनोत झाले. तेव्हा स्पेलिंग वेगळे म्हणून घर वेगळे, असा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर कागद. फेरफाराच्या नोंदी, शाळेचे दाखले, दुकानाची जुनी खरेदीखते यांतून तीन-चार पिढ्या सहज मिळतात. जुन्या मंदिरांतील प्रतिमालेखांत संवतासोबत दात्याची ज्ञाती, गोत्र आणि वडिलांचे नाव अनेकदा कोरलेले असते. सर्वांत मोलाच्या ठरल्या त्या वहीवंच्यांच्या वह्या. आमच्या मूळ गावी अशी वही जपलेली होती. तीत दोन भाऊ सापडले. धाकट्याचा वंश त्या किराणा दुकानापर्यंत येत होता, थोरल्याचा माझ्यापर्यंत. मात्र थोरल्याच्या नावाखाली एक शब्द होता : ‘खोळे’, म्हणजे दत्तक. थोरल्यास पुत्र नव्हता. त्याने मुलीच्या मुलाला दत्तक घेतले होते. ते माझे पणजोबा.

आता माझा शेरा खरा की खोटा? वाय गुणसूत्राची चाचणी केली असती, तर दोन्ही घरे परस्परांना परकी ठरली असती. वही सांगते, घर एकच. आणि रक्ताचेही नाते आहे, परंतु ते एका लेकीच्या द्वारे आलेले. तिचे नाव वहीत नाही. बँकेच्या नियमात इतके दूरचे नाते बसत नव्हते, म्हणून शेरा नियमाने चुकला नाही. परंतु पडताळणी न करता मी तो लिहिला होता आणि हिशेबनीसाला हे शोभत नाही.

वहीची नक्कल घेऊन मी त्या गावी गेलो. दुकानात आता चिरंजीव बसतात; वडील जाऊन चार वर्षे झाली होती. नक्कल वाचून ते म्हणाले, “बाबांना हे ठाऊक होतं, काकासाहेब. तुमची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.”

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

वाचकांना एकच विनंती. येत्या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीच्या शेवटच्या पानावर मूळ गाव, गोत्र, पाच पिढ्यांची नावे, दत्तक असल्यास तशी नोंद आणि लेकींची व सुनांची नावेही लिहून ठेवा. ज्यांना विचारायचे, ती माणसे आज घरात आहेत. आणि कोणी समान आडनावाचा अपरिचित मनुष्य मूळ गाव विचारू लागला, तर त्यास आधी बसावयास सांगा.