कन्सोलची बॅग घेताय? आधी ऊन बघा, मग डिझाइन

५ जून २०२५ ला निन्टेन्डोचा स्विच २ आला आणि कंपनीच्याच आकड्यानुसार पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त विकला गेला. भारतात निन्टेन्डो अधिकृतपणे विक्री करत नाही, त्यामुळे आपल्याकडे दिसतो तो बाहेरून आणलेला. आसुसचा आरओजी अलाय मात्र इथल्या दुकानात मिळतो. टीव्हीखाली बसणारा कन्सोल असा हळूहळू पाठीवरच्या बॅगेत आलाय, आणि मग प्रश्न येतो तो बॅगेचा.

यूट्यूबवर बॅगांचे ढीगभर रिव्ह्यू आहेत. त्यातले बरेचसे थंड हवेत, कारने फिरणाऱ्या माणसासाठी केलेले. मी राहतो खाप्याला. सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं गाव, जवळच मॅंगनीजची खाण. नागपूरला जायचं म्हणजे एसटी, नाहीतर दुचाकी. उन्हाळ्यात रस्ता तापतो, पावसाळ्यात पाणी कुठून उडेल सांगता येत नाही आणि धूळ बाराही महिने. इथे बॅगेचं काम वेगळं आहे.

सगळ्यात मोठा शत्रू धक्का नाही, उष्णता आहे. प्लेस्टेशन ५ असो की स्विच, कंपन्या वापरासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि ४४-४५ तर आपल्याला नवीन नाही. त्यात दुचाकीची डिक्की किंवा उन्हात उभी असलेली बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. लिथियम बॅटरीला हे मानवत नाही. तिची क्षमता घटते, कधी ती फुगते.

इथे एक गंमत आहे, जी विकणारा सांगत नाही. धक्का सोसणारा जाड फोम उष्णताही आत धरून ठेवतो. कन्सोल पूर्ण बंद असेल तर त्याचा फायदाच, बाहेरची उष्णता आत पोचायला वेळ लागतो. पण तुम्ही तो नुसता स्लीपवर टाकून बॅगेत कोंबला तर? अलायसारखी विंडोजवर चालणारी यंत्रं कधी कधी बॅगेतच आपोआप जागी होतात. पंख्याला हवा मिळत नाही, आणि मग बॅगेची भट्टी होते. म्हणून प्रवासाला निघताना शटडाउन करा. बॅग हजाराची असो की पाच हजारांची, हे टाळता येत नाही.

रंगाचंही तेच. काळी बॅग भारी दिसते खरी, पण उन्हात तीच जास्त तापते. राखाडी किंवा फिकट घ्या.

आता माप. ऑनलाइन ‘स्विच केस’ म्हणून स्वस्तात जे मिळतं ते बऱ्याचदा जुन्या मॉडेलचं असतं. जुना ओलेड स्विच २४२ मिलिमीटर लांब, स्विच २ आहे २७२ मिलिमीटर. अलाय साधारण २८० मिलिमीटर आणि जाडीलाही जास्त. तेव्हा नाव वाचून नाही, आतलं माप वाचून घ्या. कडक कवचाची केस बरी, कारण एसटीच्या गर्दीत बॅग दाबली जाते आणि पहिला मार बसतो जॉयस्टिकला. केस बंद केल्यावर झाकण स्टिकला टेकत असेल तर ती केस परत करा. स्टिकसाठी आत खोलगट जागा हवीच.

चार्जर आणि केबल त्याच कप्प्यात नको, स्क्रीनवर घासतात. पॉवर बँक तर बाहेरच्या, पटकन हाताला लागणाऱ्या कप्प्यात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच जळालं. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला आणि त्यानंतर तिथे विमानातले नियम कडक झाले. आपल्याकडेही पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. परवानगी न घेता नेण्याची मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. पुण्याला शिकायला जाणारी आपली पोरं बहुतेक ट्रॅव्हल्सनेच जातात. त्यांनीही कन्सोलची बॅग खालच्या लगेज डिक्कीत देऊ नये, सीटवर सोबत ठेवावी. वर कुणाची लोखंडी पेटी येईल याचा नेम नाही.

पावसाचं थोडक्यात: ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. पाणी शिरतं ते चेनमधून. वरून रेनकव्हर घाला, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. आणि घरी आल्यावर कन्सोल कूलरसमोर ठेवू नका, ती हवा दमट असते.

मोठ्या कन्सोलचं गणित वेगळं. एक्सबॉक्स सिरीज एस दोन किलोच्या आत आहे, साध्या लॅपटॉप बॅगेत फोम टाकून जातो. डिस्कवाला पीएस५ स्लिम मात्र ३.२ किलोचा, ३५८ मिलिमीटर उंच, आणि भारतात आला तेव्हाच ५४,९९० रुपयांचा. त्याच्यासाठी महागडी ब्रँडेड बॅग घेण्याआधी घरात बघा, मूळ खोका आणि आतले साचे अजून आहेत का. ते त्याच मापाचे बनवलेले असतात. ते खोक्यासकट मावेल अशी रुंद पट्ट्यांची, जाड कॅनव्हासची पिशवी गावातल्या बॅग शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. तळाला दुहेरी कापड लावायला सांगा, आणि पट्टा नुसता वरच्या काठाला न जोडता तळाखालून फिरवून घ्यायला सांगा, म्हणजे सगळा भार शिलाईवर येत नाही.