मुखत्यारपत्रात अडकलेला हंगाम

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत काजू बीच्या दराची तक्रार कमी आणि मुखत्यारपत्राची जास्त आहे. प्रक्रिया युनिट कुडाळ-सावंतवाडीकडे, चालवणारी बायको किंवा भाऊ, आणि सातबारावर नाव असलेला माणूस मस्कत-कुवेतला. कर्जासाठी शेडची जागा तारण द्यायची तर त्याची सही हवी. त्याची सुट्टी शुक्रवारी, त्या दिवशी दूतावासही बंद. म्हणून तो पगार कापून घेऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेतो, कुरिअर करतो. इकडे बँकेच्या शाखेत उत्तर मिळते, "सही होऊन तीन महिने उलटले, हे चालणार नाही."

का चालणार नाही? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे राज्याबाहेर झालेला दस्त राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करता येतो. मुदत सहीपासून मोजण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याला कोणी दिला? मुद्रांक झाला की पुढची अट येते, "आमच्या नमुन्यात आणा." मग तो नमुना अर्जाबरोबरच का देत नाहीत?

या खेपांची किंमत बँकेला कळत नाही. वर्षभराची बी आपण मार्च ते मे मध्ये भरतो. वळीव लागला की बी डागते, आउटटर्न घसरतो. जूनमध्ये मंजूर झालेल्या खेळत्या भांडवलातून मग व्यापाऱ्याकडची आफ्रिकन बी चढ्या भावाने घ्यायची. तोवर घरखर्चाला आलेले पैसे बीत गेलेले असतात आणि शाळेची फी, विम्याचा हप्ता, पावसाळ्याची बेगमी दारात उभी असते.

पण आपल्या सभासदांनाही सांगायला हवे. आखातात वर्षानुवर्षे राहून गावचे बचत खाते तसेच चालवणारे कितीतरी आहेत. फेमाखाली ते एनआरओ करून घ्यावेच लागते. भावाच्या हाती रोख देऊन धंदा चालवू नका. पैसे परत परदेशी न नेण्याच्या अटीवर भागीदारीत रीतसर गुंतवता येतात, करारपत्र करा. कलमांसाठी नवी शेतजमीन विकत घेण्याच्या फंदात पडू नका, ती अनिवासीला घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

पगार महिन्याला येतो, बीला पैसा एकदम लागतो. म्हणून हंगामाचा पैसा घरखर्चातून वेगळा काढा. या मार्चमध्ये एक वर्षाची एनआरई मुदतठेव केली तर ती पुढच्या मार्चमध्ये, नेमकी खरेदीच्या तोंडावर हाती येते. वर्षाआधी मोडली तर व्याज मिळत नाही, आणि हाच तिचा फायदा आहे: लग्नाकार्यात कोणी तिला हात लावणार नाही.

मुखत्यारपत्राचे काम दिवाळीपूर्वी उरका. आणि शाखेतून तोंडी नकार घेऊन परतू नका. नकार लेखी मागा, त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्या सगळ्या प्रती घेऊन आम्ही जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत जाणार आहोत.