सूतच कच्चं असेल तर लेझर काय करणार?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत घड्या घालणाऱ्या, गठ्ठे उचलणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असतात. खोकल्याबरोबर लघवी गळणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं हे त्या वर्षानुवर्षं लपवतात. मग मोबाईलवर जाहिरात दिसते: योनीमार्गाचा सैलपणा लेझरने घालवा, टाके नाहीत, दुखणं नाही. माझा आक्षेप असा की हा सैलपणा आला कुठून, हे विचारलंच जात नाही.

लेझर योनीच्या अस्तराला मोजून चटका देतो. जखम भरताना नवं कोलॅजेन तयार व्हावं, ही कल्पना. पण एहलर्स-डॅनलॉससारख्या जनुकीय आजाराच्या अनेक प्रकारांत कोलॅजेनची घडणच सदोष असते. चटका देऊन नवं मागवलं तरी येणार तेच. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सूत कच्चं असेल तर माग बदलून चादर टिकत नाही. शिवाय या रुग्णांच्या जखमा उशिरा भरतात, व्रण पातळ, सुरकुतलेले राहतात. रक्तवाहिन्यांवर परिणाम करणाऱ्या प्रकारात तर ऊतीच फाटू शकतात. अशा स्त्रियांमध्ये लेझर सुरक्षित असल्याचा भक्कम पुरावा नाही.

इतरांसाठी तरी आहे का? अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्येच भाजणं, व्रण आणि कायमच्या वेदनांचा इशारा दिला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणासाठी खरा लेझर आणि नुसतं नाटक यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. तरीही पॅकेजेस विकली जातात!

तुमचा अंगठा मनगटाकडे वाकवला की हाताला टेकतो का? सांधे निखळतात का? सहज काळेनिळे डाग पडतात, हर्निया पुन्हा पुन्हा होतो, दातांच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही? घरात कुणी तरुणपणी महाधमनी फुटून गेलं? यातलं एखादं एकटं असलं तर घाबरू नका. बऱ्याच गोष्टी जुळत असतील तर लेझरची तारीख रद्द करा आणि आधी निदान करून घ्या. जनुकीय तपासणी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच असंही नाही. सांधे अति लवचीक असणाऱ्या प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही.

तोवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम (जाणकार फिजिओथेरपिस्टकडूनच शिका), बद्धकोष्ठ आणि खोकल्यावर उपचार, गरजेप्रमाणे पेसरीची रिंग. गठ्ठ्यांचं वजन कमी करण्याबद्दल कारखान्यात बोलायला डॉक्टरांची चिठ्ठी मागा. आणि निदान पक्कं झालं तर मुलीलाही तपासा, तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी. रक्तवाहिन्यांच्या प्रकारात गरोदरपणी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.