विकर उष्णतेने निकामी होते. पण कोणाचे विकर?



विज्ञानाच्या तासाला आपण एक वाक्य फार ठामपणे सांगतो: तापमान वाढलं की विकरं निकामी होतात. उदाहरणही ठरलेलं, उकडलेलं अंडं. त्याचा पांढरा भाग एकदा घट्ट झाला की परत पातळ होत नाही. विकरंही प्रथिनंच, म्हणून त्यांचंही तसंच. मुलं लिहून घेतात, परीक्षेत गुण मिळतात, धडा संपतो. माझा आक्षेप वाक्याला नाही, ते जिथे संपवलं जातं त्या जागेला आहे.

आठवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग गणेशपुरीच्या कुंडात जंतू नसणारच ना? पाणी एवढं गरम असतं!" प्रश्न बघा. आपण जे शिकवलं त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. तरीही तो खोटा आहे. मुलाचा तर्क पक्का असूनही उत्तर चुकतं, तेव्हा दोष शिकवलेल्या वाक्यात शोधायला हवा.

हाच तर्क कित्येक वर्षं मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही होता. उष्णता आवडणारे जीवाणू शोधायचे तर ते 55 अंश सेल्सिअसला वाढवून बघायचे, असा प्रघात पडलेला. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात गेले. तिथल्या एका झऱ्याच्या 80 अंशांहून गरम पाण्यात त्यांना गुलाबी धाग्यांसारखं काहीतरी वाढताना दिसलं. 1966 मध्ये हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्यांनी तिथल्याच दुसऱ्या एका झऱ्यातला जीवाणू वाढवला, तोही 70 अंशांच्या आसपास. त्याचं नाव थर्मस अक्वाटिकस. 55 अंशांवर थांबणाऱ्यांना तो सापडला नव्हता, कारण त्याला तेवढं तापमान कमी पडतं! पुढे तसलेच जीवाणू झऱ्यापासून दूर, साध्या गरम पाण्याच्या नळातही मिळाले. याच जीवाणूच्या विकरावर पीसीआर तपासणी उभी राहिली. कोरोनाच्या काळात हा शब्द प्रत्येक घरात पोचला होता.

पण मला आज सांगायचंय ते याच्या एका कमी प्रसिद्ध भाऊबंदाविषयी.

पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर ज्वालामुखीमुळे तापलेले झरे आहेत. तिथून मिळालेल्या एका जीवाणूची माहिती 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. नाव जिभेला जड आहे, फर्विडोबॅक्टेरियम पेनिव्होरान्स. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ मात्र सरळ, पिसं खाणारा. ऑक्सिजन नसलेल्या जागी, 70 अंशांच्या आसपास हा जीवाणू कोंबडीचं अख्खं पीस साधारण दोन दिवसांत विरघळवून टाकतो. इंडोनेशियातल्या एका झऱ्यातूनही याच कुळातला पिसं फस्त करणारा जीवाणू मिळालेला आहे.

यात विशेष काय, ते कळायला आधी पीस किती चिवट असतं ते मुलांना कळलं पाहिजे. पीस, केस, नखं, शिंगं, खूर ही सगळी केराटिन या प्रथिनाची. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जागोजागी शिवलेल्या असतात. म्हणून डाळीतलं, अंड्यातलं प्रथिन आपण पचवतो, पण गिळलेला केस पचत नाही. मांजरं केसांचे गोळे ओकून टाकतात ते त्यामुळेच. केस जळताना जो उग्र वास येतो, त्यातही या गंधकाचा वाटा असतो. हे जीवाणू दोन कामं करतात: गंधकाचे टाके उसवायचे आणि मग विकरांनी साखळी कापायची. 70 अंशांच्या उष्णतेने पिसाची वीण थोडी सैल होते, त्याचाही फायदा मिळतो.

मग त्यांची स्वतःची विकरं त्या उष्णतेत का शिजत नाहीत? एकच असं गुपित नाही. रेणूची घडी जास्त घट्ट असते, विद्युतभारांच्या जोड्या जास्त असतात, आतली मोकळी जागा कमी असते. अशा बारीकसारीक गोष्टी मिळून घडी टिकते. म्हणजे 'निकामी होतं' हे खरंच आहे, फक्त प्रत्येक विकराचा आकडा वेगळा. माणसाच्या विकरांचा आकडा आपण सगळ्या जीवसृष्टीला लावून मोकळे होतो.

"याचा उपयोग काय?" असं पालक हमखास विचारतात, आणि विचारावंच. कोंबडीच्या वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के पिसं असतात. चिकनच्या दुकानामागे गोणीत भरलेली ती पिसं आपण रोज नाक दाबून ओलांडतो. त्यांत सुमारे 90 टक्के प्रथिन आहे. वाफेच्या दाबाखाली शिजवून त्यांची भुकटी पशुखाद्यात घालतात, पण त्या प्रक्रियेत काही अमिनो आम्लं खराब होतात. विकरांनी हे काम सौम्यपणे होऊ शकतं. कातडीवरचे केस काढायला चामड्याच्या धंद्यात चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात, तिथेही विकरांचा पर्याय आहे. मात्र कोणी सांगितलं की हे जीवाणू उद्या सगळा कचरा खाऊन टाकणार, तर विश्वास ठेवू नका. टाकी दोन दिवस 70 अंशांवर ठेवायला इंधन लागतं, आणि त्याचा हिशोब कोणीतरी भरायचा असतो.

वर्गात मी काय सुचवेन? जेलीचं पाकीट आणा. एका वाटीत कच्च्या अननसाचे तुकडे घाला, दुसरीत उकळलेल्या अननसाचे. पहिली जेली बसत नाही, कारण अननसाचं विकर तिच्यातलं प्रथिन कापतं, दुसरी बसते. (हिरव्या ठिपक्याची शाकाहारी जेली चालणार नाही, तिच्यात प्रथिनच नसतं.) मटण शिजायला कच्ची पपई लावतात, हे मुलांच्या आजीला विचारायला सांगा. आणि मग विचारा: हेच विकर झऱ्यातल्या जीवाणूचं असतं, तर दुसऱ्या वाटीत काय झालं असतं?

सहल काढायची तर वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, उनपदेव, उनकेश्वर यांपैकी जे जवळ असेल ते. उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर या नावांतलं 'ऊन' म्हणजे आपल्या ऊन-ऊन भातातलंच, हेही सांगा. बहुतेक कुंडं बांधून काढलेली आहेत, त्यामुळे बघायचं ते बाहेर वाहणाऱ्या पाण्यात. उगमाजवळ आणि मग दहा-दहा पावलांवर तापमान घ्या, आणि दगडावरचा रंग, बुळबुळीतपणा कुठे सुरू होतो ते वहीत लिहायला लावा. तापाचा थर्मामीटर नेऊ नका, तो फुटेल. प्रयोगशाळेतला 110 अंशांचा न्या, आणि उगमाजवळ मापन शिक्षकानेच करावं.