थंडीचा इशारा कोणासाठी?
मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी गेले, की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण फुटपाथवर झोपणाऱ्याने, ऊसतोडीच्या कोपीतल्या बाळंतिणीने तयारी करायची ती कशाच्या बळावर?

शहरात लाख लोकसंख्येमागे शंभर बेघरांचा निवारा, हा केंद्राच्या योजनेचाच निकष होता. तो पाळला का, हे आपण नगरपालिकेला लेखी विचारू. ब्लँकेटवाटप करूच; पण बंद खोलीत शेगडी पेटवू नका, तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो, हेही वस्तीवस्तीत सांगू. निवारा भीक नाही, हक्क आहे. जय भीम!